आत्याचा बत्तिसावा सेकंद

आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, आणि तिच्याच घरातला फोन बत्तीस सेकंदांत तुटत होता.

निवृत्तीनंतर तिने जुन्या कॉम्प्युटरवर घरचा टेलिफोन सर्व्हर उभा केला. शिलाई मशीनखाली तो दिवसभर घुरघुरायचा. इंटरनेटवर चालणारं छोटंसं एक्स्चेंजच ते. स्वयंपाकघरात दहा नंबर, माझ्या खोलीत अकरा आणि दुसऱ्या गावी बाबांकडे बारा. खरं तर सगळा खटाटोप त्या बारासाठी होता. आजीच्या शेवटच्या आजारपणात कोण किती धावलं, यावरून चार वर्षांपूर्वी आत्याने बाबांवर फोन आपटला होता. तेव्हापासून बहीण-भावाचा अबोला. मीच दोघांची मनधरणी करून बाबांकडे फोन बसवून आले.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "ताई, कशी आहेस?" इकडचं तिकडचं झालं. मग आत्या म्हणाली, "बरी आहे रे. गुडघा तेवढा..." आणि फोन बंद.

बाबा माझ्या मोबाइलवर कडाडले, "आपटलाच शेवटी! अजून गुडघ्यापर्यंतच पोचलो होतो!"

पुढच्या रविवारी तेच. त्यापुढच्याही. "आता एकदा जरी आपटला," बाबांनी निक्षून सांगितलं, "तर हा डबा माळ्यावर."

"मी हात तरी लावला का गं?" आत्या माझ्यावरच खेकसली.

आठवडाभर तिने सर्व्हरपुढे ठाण मांडलं. राउटर बंद-चालू केला, वायरी बदलल्या. इंटरनेटवाला येऊन म्हणाला, "आजी, मोबाइलवर बोला ना सरळ."

"आजी घरी असेल तुझी. वायर धर."

तिने मला बाहेरून फोन करायला लावले आणि घड्याळ धरून बसली. प्रत्येक वेळी बत्तीस. "माणूस कधी विसाव्या सेकंदाला चिडतो, कधी चाळिसाव्या. रोज बत्तिसाव्यालाच कोण चिडतं?"

शुक्रवारी दुपारी ती ओरडली, "अगं, हा गाढव बाहेरच्यांना आपला राउटरच्या आतला, घरापुरताच चालणारा पत्ता देतोय!" फोन लागल्याची पलीकडून येणारी पोच त्या पत्त्यापायी वाटेतच हरवायची. सर्व्हर बत्तीस सेकंद वाट बघायचा आणि कॉल तोडायचा. तिने त्याजागी इंटरनेटवरचा, बाहेरचा पत्ता लिहिला.

रविवारी बाबांचा फोन उचलून ती घड्याळ घेऊन उभी राहिली. तीस. बत्तीस. तेहेतीस.

"आहेस का?" बाबांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"आहे. सर्व्हरचाच दोष होता, सांगत होते ना."

"मग आज विचारतोच. आईला दवाखान्यात नेताना तू कुठे होतीस?"

आत्याचे कान लाल झाले. रिसीव्हर कानापासून वीतभर दूर आला. पण आता ठेवला असता, तर आधीचे तिन्ही फोनही तिनेच आपटल्याचं ठरलं असतं. तिने पायाने स्टूल ओढलं.

"बोल," दातओठ खात ती म्हणाली. "ऐकतेय."

घड्याळात अकरा मिनिटं झाली. गुडघ्याचा विषय अजून निघाला नव्हता.