शेळी बोलते, मी ओरडते

तुमच्या घरात तुमच्याआधी शेळीचं ऐकून घेतात का? पुसेगावला आमच्या घरी घेतात.

वडील बाजारातून आणायचे त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. अन्याय दिसला की बोलायचं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. पण मी बोलले की आई म्हणते, "वरडू नको." आणि शेळी ओरडली की? करडू नजरेआड गेलं तर ती "इचारून राहिली". पाला उशिरा पडला तर "रुसली". दावं खुंट्याला गुंडाळलं तर "गाऱ्हाणं सांगून राहिली". एका बें-बेंसाठी आईकडे इतके शब्द. माझ्या वाट्याला एकच.

शाळेच्या मुलींसाठी एसटी थांबत नाही, म्हणून मी परवा पत्रक लिहिलं. हिंगोलीला छापायला नेण्याआधी ते आईनं ऐकावं, एवढंच मला हवं होतं. ती ज्वारी निवडत बसली होती. मी दुसऱ्या ओळीवर आले आणि गोठ्यातून आवाज आला. आई उठली.

"आई, आधी ऐक ना!"

"आले गं माझे बाय," आई म्हणाली. शेळीला.

मी कागद घेऊन मागोमाग गेले आणि तिथंच, लेंड्यांच्या वासात, तावातावानं वाचलं: "मुलींनो, थांब्यावर मेंढरांसारख्या मुकाट उभ्या राहू नका!"

करडू आचळाला लावता लावता आई हसली. "मेंढरं कवा मुकाट असत्यात गं? कळप आला तर गल्लीत मानसाचं बोलनं ऐकू येत न्हाई."

तेवढ्यात शेळीनं मान वर करून बें केलं.

"बघ, ती बी व्हय म्हनती!"

मी तिथल्या तिथं ओळ खोडली. आईचं पटलं होतं, पण खोडली त्यासाठी नव्हे. आई तर या शेळीनं घेतलीच. आता माझ्या पत्रकातही हिच्या भाऊबंदांना जागा द्यायची?

"मंग? वाच की पुढं," आई म्हणाली.

मी वाचलं. तिनं ऐकलंही. पण हात शेवटपर्यंत शेळीच्या पाठीवरून फिरत होता, आणि मला ओळींपेक्षा तोच दिसत होता.

पत्रक आता छापून आलंय. कुणी तुमच्या हातात दिलं तर घडी करून खिशात कोंबू नका. घरी न्या, आईला समोर बसवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. फक्त शेळ्या चरायला गेल्यावर.