आंदणात आलेली दोन सीटांची गाडी

माझ्या लग्नात अप्पांनी आंदण म्हणून मोटार दिली, हे ऐकून लोकांना वाटतं आम्ही फार मोठ्या घरचे. डोंबलाचे मोठे! अप्पा, म्हणजे माझे वडील, भालकीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. तिथं मशिनं बसवायला इटलीहून आलेला एक इंजिनिअर परत जाताना आपली गाडी त्यांच्या गळ्यात मारून गेला. दोन सीटांची, बिनटपाची, आकाशी रंगाची, जमिनीला चिकटून चालणारी. मांडवात भांडीकुंडी आली, गाय आली आणि शेवटी ही. दुबलगुंडीहून आलेलं वऱ्हाड पोट धरून हसलं. सासरे म्हणाले, "गाय दूध तरी देईल. ह्या डबड्याचं काय करायचं?"

"चालवायचं," मी म्हणाले. नवरी बोलली म्हणून परत हशा.

चालवायला अप्पांनीच शिकवलं होतं. तरी पहिलं वर्ष गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती. मग एकदा सासूबाईंना डोळे दाखवायला बिदरला जायचं होतं आणि नेमकी बस चुकली. मी त्यांना शेजारी बसवलं आणि घेऊन गेले. त्या दिवसापासून गाडी बायकांची झाली. कामून? तर सीट दोनच. एकीवर मी. दुसरीवर पुरुष बसला की अख्ख्या गावाला दिसणार, बाई चालवायलीय आणि हा गुडघ्यावर हात ठेवून गप बसलाय. कोण बसेल? आमचे हे तर आजवर बसले नाहीत. मग बाळंतिणी बसल्या, म्हाताऱ्या बसल्या, माहेराला निघालेल्या सुना बसल्या. कुणी नसलं की आल्याचं पोतं बसायचं आणि आम्ही हुमनाबादच्या बाजाराला जायचो. सगळ्यात जास्त बसली ती माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणते. वेशीपर्यंत पदर दातात धरून बसायची आणि वेस ओलांडली की सोडून द्यायची. पुढं दोघी कानडी गाणी म्हणत सुटायचो, बेसूर, गळा फाटेस्तोवर.

हे चांगलं पंचवीस-तीस वर्षं चाललं. मग आमचा मुलगा बंगळूरला नोकरीला लागला आणि त्यानं मोबाइलवर बघितलं की असल्या जुन्या युरोपियन स्पोर्ट्स गाड्या श्रीमंत लोक हौसेनं जमवतात आणि त्यांचे भाव नुसते चढायलेत. त्यानं हैदराबादचा एक दलाल पाठवला. तो गाडीभोवती फिरला, वाकला, खाली घुसला. अप्पांनी कारखान्याच्या लेथवर बनवलेले तुकडे इंजिनात बघून हसला. मग पत्र्यावर बोट टेकवून म्हणाला, "पार्टां बाहर से आ जाते अम्मा. मगर ये रंग कंपनी का है. ये फिर नै आता. इसकू हाथ नक्को लगाना." सगळी किंमत त्या रंगाची होती. आणि जाता जाता यांना सांगून गेला, चालवू नका, जेवढी कमी चालेल तेवढा भाव चढेल.

त्याच दिवशी चावी यांच्या कपाटात गेली आणि गाडीवर निळी ताडपत्री आली. मी म्हणाले, "विकायची असंल तर मला विचारा. गाडी माझ्या नावावर हाय."

"विकायची कोण म्हणतंय? भाव चढायलाय. थांबू की."

थांबले! मुलगा फोन करायचा, "आई, अजून वाढली." हे खूश. दीर खूश. विकली असती तर मी दोन दिवस रडले असते आणि गप बसले असते. पण हिला विकायचंही नव्हतं आणि चालवायचंही नव्हतं. ताडपत्रीखाली कोंबड्या अंडी घालायल्या आणि मी तिच्या शेजारून पिशवी घेऊन बसथांब्यावर. पन्नाशी उलटल्यावर मला दिराला विचारावं लागायलं, "मोटारसायकल रिकामी हाय का रे?" त्यावर तो विचारणार, "कामून? कुठं जायलाव? काय काम हाय?" गाडी हातात आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो ऐकला की अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

एक दिवस अक्काला बिदरजवळच्या नौबादला आजारी बहिणीकडं जायचं होतं. तिचे गुडघे गेलेले. मी चावी मागितली.

"एक ओरखडा उठला तर किती जातील, माहीत हाय का तुला?" हे म्हणाले.

"बसनं जाईन की मी," अक्का हळूच म्हणाली आणि आत गेली. नौबादला गेली मात्र नाही.

दुसऱ्याच दिवशी कारहुणवी होती. त्या दिवशी आमच्याकडं बैलं धुतात, शिंगं रंगवतात, मिरवतात. वडाची पूजाही त्याच दिवशी. मी वडाला दोरा गुंडाळून, साता जन्मांसाठी हाच नवरा मागून घरी आले. बैलं मिरवणुकीला गेली होती आणि ओट्यावर शिंगांच्या लाल रंगाचा डबा उघडाच पडला होता. मला वाटलं, वर्षभर राबणाऱ्याला आज रंगवतात. मग ह्या गाडीनं काय बसून खाल्लंय?

ताडपत्री ओढून काढली. ब्रशचा पहिला फटकारा गाडीच्या नाकावर मारला. अप्पा दर दिवाळीला येऊन तो रंग मऊ फडक्यानं पुसायचे. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. रडत रडत सगळं नाक लाल केलं.

अक्का पुरणाच्या हातानं बाहेर आली. "अगं बाई! काय करायलीस हे?"

"दुसरा ब्रश तिथं हाय, अक्का."

तिनं वेशीकडं बघितलं. मग पदराला हात पुसले आणि दाराच्या बाजूनं सुरुवात केली.

हे बैल घेऊन आले तेव्हा आम्ही मागच्या चाकापर्यंत पोचलो होतो. मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय. पण हे बैल खुंट्याला बांधून ओट्यावर बसले. म्हणाले, "संपलं. आता कोण घेतंय हिला?"

"कोण न्हाई. चावी द्या."

दिली. आता कपाटात ठेवून तरी काय करणार होते!

रंग वाळल्यावर आम्ही नौबादला निघालो. उभी राहून राहून गाडी आखडली होती, धक्क्याशिवाय सुरू होईना. हे आणि दीर, दोघांनी तोंड पाडून वेशीपर्यंत ढकलली. हुमनाबाद मागं टाकलं आणि मुलाचा फोन आला. अक्कानं मोबाइल माझ्या कानाला धरला.

"आई, तू काय घालवलंस ते कळतंय का तुला?"

"कळतंय की. म्हणून तर रंगवली. आता ठेव, मी गाडी चालवायलेय."