मठगल्लीचा शरणबसप्पा

मुरुम गावच्या बाजारात पोती वाहणारा शरणबसप्पा हुतूतूच्या मैदानात उतरला, की चढाईला येणारे गडी आधी त्याचे हात कुठं आहेत ते बघत. घोटा एकदा त्या हातात सापडला की कारभार आटोपला! सतराव्या वर्षी तो मठगल्लीच्या संघात आला आणि पुढची चोवीस वर्षं दुसऱ्या कुणाकडून एक डावसुद्धा खेळला नाही. बोलावणी काय कमी आली? पण गडी पक्का अडेलतट्टू. खरं सांगायचं तर मला तो तसाच आवडतो.

त्या भागात निजामाच्या मेहेरबानीवर एक जहागीरदार मोठ्या मिजाशीत राहत होता. त्याला गडी जमवायचा शौक. जत्रेतल्या सामन्यात जो नजरेत भरेल त्याला तो स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा. फेटा डोक्यावर चढला की माणूस त्याचा झाला. मग गढीवर चाकरी, दोन वेळचं जेवण आणि पुढच्या जत्रेला त्याच्या संघाकडून खेळायचं. नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्रेचाळीसच्या जत्रेत मठगल्लीनं खुद्द जहागीरदाराच्याच संघाला धूळ चारली. शेवटचे दोन्ही गडी शरणबसप्पानं धरले. जहागीरदार लोडावरून उठला आणि जरीचा फेटा घेऊन मैदानात आला. शरणबसप्पाचे सहा सोबती मागं उभे होते. हा गेला तर संघ मोडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

शरणबसप्पानं मान वाकवलीच नाही.

"फेटा लई झ्याक हाय, हुजूर," तो म्हणाला. "पर जिंकलो आमी सातजन. बांधायचा तर सातांच्या डोस्क्याला बांधा. माझं एकट्याचं डोस्कं मिळनार न्हाय."

जहागीरदाराचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं तिथल्या तिथं हुकूम सोडला, की मठगल्लीच्या संघानं या मैदानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून बाजारातले आडतेही शरणबसप्पाला काम देईनात. शेजारी त्याच्या बायकोला, नीलम्माला, समजवायला आले. ती उलट त्यांच्यावरच उखडली.

"माझ्या दादल्यानं काय खून केलाय का? फेटा नगं म्हनला, एवढंच की!"

संघ मग गावाबाहेरच्या खळ्यावर खेळू लागला. पण सामने नाहीत, नाव नाही, वर जहागीरदाराची भीती. एकेक गडी गळत गेला. दोघांनी तर जाऊन त्याचाच फेटा बांधून घेतला. शरणबसप्पाला संताप आला, वाईटही वाटलं. तरी संध्याकाळी तो खळ्यावर हजर.

अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं. मग जहागीरदाराचा हुकूम कोण विचारतो! पुढच्या जत्रेला मैदान सगळ्यांना मोकळं झालं. शरणबसप्पानं चाळिशी ओलांडली होती आणि त्याला धरून मठगल्लीचे चौघेच उरले होते. गावातल्या एका नव्या, तगड्या संघाचे लोक त्याला घ्यायला आले.

"आमच्याकडून उतरा, अण्णा. चौघांनी काय होनार?"

"चौघं तर चौघं," म्हणून तो उठला.

त्याच संघाच्या सात जणांपुढं मठगल्लीचे चौघे उभे राहिले. शरणबसप्पानं दोघांना धरलं, तिसरा निसटला आणि डाव गेला. मैदानाच्या कडेला एका म्हाताऱ्यानं खवचटपणे विचारलं, "काय रे, सहा वर्षं हट्ट धरलास, अन् शेवटी हरलासच की!"

शरणबसप्पानं तोंडावरची धूळ पुसली.

"व्हय, हरलो," तो म्हणाला. "पर मठगल्लीकडून हरलो."