फिटरकाकांचा पेचकस

फिटरकाका माणसांचं बोलणं अर्ध्यात तोडायचे, पण यंत्राचं पूर्ण ऐकून घ्यायचे. लांब दांडीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. साखर कारखान्यातले सगळेच फिटर चालू यंत्राला असा कान लावतात. कुठलं बेअरिंग जायला आलंय ते दांडीतून कानाला कळतं. फिटरकाका बंद यंत्रालाही लावायचे. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते ज्या मोटारसायकलला कान लावून बसले होते, तिला ना चाकं होती ना टाकी.

तेव्हा मी कॉलेज संपवून अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत, आईवडिलांकडे येऊन राहिले होते. बाबा कारखान्याच्या लॅबमध्ये होते. आमच्या आणि फिटरकाकांच्या परसात फक्त तारेचं कुंपण होतं. त्यांच्या बाजूला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती जुनी जावा मोटारसायकल.

मी फारसं बोलत नसे. माझ्या जालन्याच्या शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि इंग्रजीत बोलायची मला लाज वाटायची. त्यामुळे गप्प राहणं हीच माझी भाषा झाली होती. फिटरकाकांना ते चाललं. एक दिवस त्यांनी कुंपणावरून एक तेलकट पुस्तक पुढे केलं. "इंग्लिश बाई, हे वाचून सांग बरं. गाडीसंगं आल्तं. आमच्यात कुणाला येत न्हाई." मग रोज दुपारी मी स्टुलावर बसून त्या पुस्तकातलं मराठीत सांगायची आणि ते हात चालवायचे. कधी म्हणायचे, "कंपनीवाल्यानं बराबर लिवलंय." कधी म्हणायचे, "ह्याला काय कळतंय, यानं आपले रस्ते कुठं पाह्यलेत?"

गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, दिनकररावांची. बारा वर्षांपूर्वी ते तीर्थपुरीच्या बाजाराला गेले आणि परत आलेच नाहीत. गाडी दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या रस्त्याला लिंबाखाली सापडली. नीट स्टँडवर लावलेली, चावी गाडीलाच, टाकीत अर्धं पेट्रोल, हँडलला बाजाराची पिशवी आणि पिशवीत हिरव्या बांगड्या. माणूस तेवढा नव्हता. कॅनॉल शोधला, विहिरी शोधल्या. गाडी कितीतरी वर्षं पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली. फिटरकाकांनी ती सोडवून बैलगाडीत घालून आणली.

बांगड्या आणल्या होत्या बायकोसाठी. ती मंदाकाकी, फिटरकाकांची भावजय, त्याच घरात राहायची. कपाळाला कुंकू, हातात त्याच बांगड्या. त्यांच्यात थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ती दोघं तिसऱ्या माणसामार्फत बोलत. घरात काकू, म्हणजे फिटरकाकांची बायको, असल्या की काकूंमार्फत. शेडमध्ये माझ्यामार्फत. "त्यांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, ठिवून दे म्हणावं." मधे चार पावलांचं अंतर. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं, तरी मी सांगेपर्यंत दोघंही थांबायची.

उन्हाळ्यात हसनाबादहून काकूंचे भाऊ आले. शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "दाजी, नवरात्राच्या आधी बारा वर्षं भरून राह्यलीत. गेलेला माणूस आला न्हाई तर दर्भाचा पुतळा करून दहन करावं लागतं. त्याला गती मिळायला पायजे का न्हाई? अन् ही बाई कुठवर अशी लटकून राहील?"

फिटरकाकांनी डोकं वर केलं नाही. "गाडी चालू होऊ द्या. रोज संध्याकाळी ह्याच आवाजानं यायचा त्यो. आवाज ऐकला की जिथं असंल तिथून येईल."

"अन् न्हाई आला तर?"

"मंग करा तुमचा पुतळा."

त्या दिवसापासून त्यांचे हात झपाट्यानं चालू लागले. गाडी रोज थोडी थोडी उभी राहत होती. टाकीचा पोचा काढला, तांबडा रंग चढला. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीचे असतात. ती दांडी झिजून चपटी झाली होती. नवी मिळत असूनही त्यांनी बदलली नाही. "त्याच्या पायानं झिजलीय," म्हणाले. संध्याकाळी शेड बंद करताना ते गाडीचं तोंड नेमानं फाटकाकडे करत. "त्याला वळखू यायला पायजे." आमचं कुत्रं तोवर त्या शेडमध्ये दुपारची झोप काढायचं. गाडीला चाकं लागली आणि ते कुंपणापाशीच बसू लागलं. शेडकडे बघायचं, आत जायचं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा आतून एक झिजलेलं पितळी बुश निघालं, अंगठीएवढं कडं. पिस्टनची पिन त्यातून जाते. त्यांनी ते केरोसिनमध्ये धुऊन माझ्या तळहातावर ठेवलं. "घे. हे खिळखिळं झालंय, नवं बसवतो. तुला आठवण." मी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

एकदा फिटरकाका आणि काकू अंबडला गेले होते. भर दुपार, चिटपाखरू नाही. मी पुस्तक परत द्यायला शेडकडे गेले आणि दारातच थांबले. मंदाकाकी गाडीजवळ उकिडवी बसली होती. पेचकसाचं टोक थंड इंजिनावर आणि मूठ तिच्या कानाला. पदर खांद्यावर घसरला होता. ती बराच वेळ ऐकत होती. मग मान हलवली, कुणी काही विचारल्यावर हलवावी तशी. मी पावलं न वाजवता मागे फिरले. हे मी कुणाला सांगितलं नाही.

भाद्रपदात गाडी चालू झाली. चार वाजले असतील. तिसऱ्या किकला निळा धूर आला आणि इंजिन असं स्वच्छ, गोल आवाजात बोलू लागलं की फिटरकाकांच्या तोंडून "वा रे माझ्या पठ्ठ्या!" निघालं. मंदाकाकी मागच्या दारात आली. पदर पुढे ओढून तिनं ऐकलं.

"त्यांना सांग," ती मला म्हणाली, "हा आवाज ह्यांचा न्हाई."

फिटरकाकांनी ऐकलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत थांबले. मला ते वाक्य परत म्हणावं लागलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"तिला इचार, काय कमी हाय."

"टकटक न्हाई त्यात. कॅनॉलच्या पुलावरून आधी टकटक यायची, मंग गाडी. टकटक आली की मी तवा ठिवायची."

फिटरकाका गाडीशी उकिडवे बसले. "बुश," ते म्हणाले. "त्या बुशाची टकटक. मी दुरुस्त करून बसलो! बारा वर्षं जो आवाज धरून ठिवला, त्यो माझ्याच हातानं काढला. फिटरच्या हाताला खराब आवाज सोसत न्हाई, इंग्लिश बाई."

जुनं बुश परत बसवलं की आवाज परत येणार होता. बारा वर्षं भरायला आठ दिवस होते. त्यांनी शेड पालथी घातली. डबे उलटे केले, भंगाराचं पोतं ओतलं, मातीतून लोहचुंबक फिरवलं. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी खिडकीतून बघत होते. वाटलं, स्वतः दिलेलं विसरले. मी खण उघडला, बुश मुठीत घेतलं आणि चपला घालत होते, तेवढ्यात आमच्या मागच्या दारात मंदाकाकी उभी.

"तुझ्यापाशी हाय ना ते?"

मी मूठ उघडली. ती हात न लावता बघत राहिली.

"देऊ नको."

"पण काकी, तो आवाज..."

"त्यो आवाज झाला अन् कुणी आलं न्हाई, तर मला कळंल की ते न्हाईत. ते सोशीन मी." मग तिचा आवाज खाली गेला. "पर आलं तर? बारा वर्षं जे कुठं होतं, ते त्या आवाजामागं आलं तर? मी तवा ठिवू का?"

मी चपला काढल्या. मी बुश खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

आठव्या दिवशी दर्भाचा पुतळा झाला. पुरुष मंडळी जीपमधून गोदावरीवर गेली. फिटरकाका एकटे जावावर गेले, त्या नव्या, निर्दोष आवाजात. उन्हं कलताना परतले. गाडी शेडमध्ये लावली आणि पहिल्यांदाच तिचं तोंड भिंतीकडे केलं. मग कुंपणाशी आले.

"जाताना गाडी मागून दबून राह्यली होती. चढाला ओढंना. वाटलं हवा कमी झाली. उतरून पाह्यलं, हवा बराबर."

"आणि येताना?" मी विचारलं. मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"पिसावानी आली."

त्या रात्री मंदाकाकी सलग झोपली, असं काकूंनी आईला सांगितलं. पुढे ती बालवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागली. पोरांशी मोठ्यानं बोलताना तिचा आवाज आमच्या परसापर्यंत यायचा. आमचं कुत्रं परत शेडमध्ये झोपू लागलं.

वर्षभरानं मला औरंगाबादला नोकरी लागली. निघायच्या दिवशी फिटरकाका फडक्यात गुंडाळलेला पेचकस घेऊन आले. "आता माझा कान गेला. तुला ऐकायची सवय हाय. ठिव. अन् ते बुश नीट संभाळ."

मला वर बघवेना. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"माझ्या हातानं दिल्यालं इसरंन का मी, इंग्लिश बाई?"

"मग मागितलं का नाही?"

त्यांनी शेडकडे पाहिलं. "मागितलं असतं, तर तू दिलं असतं."

फिटरकाका आता नाहीत. जावाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पेचकस माझ्याकडे आहे आणि बुशही आहे. पण दोन्ही वस्तू मी एका खोलीत ठेवत नाही.