आधी खोड सांगा

बोलायला सुरुवात करायच्या आधी मामा खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकायचे. समोर गिऱ्हाईक असो, कॅमेरा असो, नाहीतर नुसता चहाचा कप. जनावरांच्या बाजारात दलाल कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात, हे तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. मामांची चाळीस वर्षं त्यातच गेली होती. हात झाकल्याशिवाय त्यांची जबान सुटत नसे. मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटायचं, हा माणूस त्या टॉवेलाखाली काहीतरी लपवतो आहे.

मी नांदेडचा. आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचो. पुढे प्रत्येक पाहुणा मोबाईल उंचावून स्वतःच शूटिंग करायला लागला आणि माझा धंदा बसला. मग मी गाई-बैलांच्या विक्रीचं यूट्यूब चॅनल काढलं. आठवड्यातून एकदा पहाटेची एसटी धरून देवणीच्या बाजारात जायचं. जनावर उभं करायचं, दात दाखवायचे, वेत कितवं, दूध किती, मालकाचा नंबर, संपलं. लोक वीस सेकंदही थांबत नसत. किती जण कुठे पळाले याची रेघ यूट्यूब काढून दाखवतं. माझी रेघ सुरुवातीलाच खाली पडायची आणि पडलेलीच राहायची.

एकदा मी लिंबाखाली बसून ती रेघ बघत होतो. कपाळाला विभूती लावलेला एक म्हातारा मागून वाकून बघायला लागला. बाजार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो.

"ओ कॅमेरेवाले, ही रेघ काय म्हणून राहिली?"

"लोक थांबत नाहीत म्हणते."

"थांबतील कशाला? गाय उभी केली न केली की तुम्ही सगळंच सांगून मोकळे. आधी खोड सांगा, खोड."

आणि त्यांनी टॉवेल हातावर टाकला. शेजारी एक गाय बांधलेली होती. तिच्याकडे बघत ते माझ्या कॅमेऱ्यात म्हणाले, "ही गाय लाथ मारती. धार काढताना दोन माणसं पाडली हिनं." गाईच्या मालकाचं तोंड उतरलं. मामा थोडं थांबले. "पण ह्यांच्या घरात एक आंधळी म्हातारी हाय. ती धारेला बसली की ही पापणी हलवत न्हाई. का, ते सांगतो. आधी कास बगा."

मग कास, मग दात, मग वेत. सगळ्यात शेवटी कारण. पहिल्या वेताचं वासरू मेलं तेव्हा म्हातारीनं आठ दिवस गोठ्यात गाईजवळ अंथरूण टाकलं होतं. तो व्हिडिओ लोकांनी शेवटपर्यंत पाहिला. गाय विकत घेणाऱ्यानं फोन केला तोसुद्धा आधी म्हातारीची तब्येत विचारायला.

आता मी स्वभावानं संशयी आहे, हे कबूल केलेलं बरं. एका डॉक्टरनं दिलेली गोळी मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच घेतो. दलाल माणूस आणि आपण होऊन खोड सांगतो? त्यातून माझ्याकडून घेत काही नाही, चहा सोडून? मी मनाशी हिशेब मांडला, की लहान खोड सांगून मोठी झाकायची ही जुनी चाल असणार. मी त्या गाईच्या मालकाला फोन लावला.

"तुमच्या घरी खरंच आंधळी म्हातारी आहे का हो?"

"हाय की. बोलता का?"

म्हातारीनं मला भरभरून आशीर्वाद दिले. तरी माझं समाधान झालं नाही. पुढे प्रत्येक गोष्टीनंतर मी गुपचूप चौकशी करायचो. वळू दांडगा होता म्हणून गावानं पळवून लावला आणि तो चालत परत आला, हे खरं निघालं. पोरीच्या लग्नाला विकायची ठरलेली कालवड पोरीनंच हट्टानं सासरी नेली, तेही खरं निघालं. बायको म्हणाली, "खोटं सापडत नाही म्हणून वाळलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

मामा मला शिकवत राहिले. "गोष्ट म्हंजे कासरा," ते म्हणायचे. "लई ताणला की तुटतो, सैल सोडला की जनावर दुसऱ्याच्या रानात." शर्टाला लावायच्या माझ्या बोटभर माइकची मात्र त्यांना भारी धास्ती. दर वेळी विचारायचे, "ह्यात करंट न्हाई ना?" मी तो स्वतःच्या जिभेला लावून दाखवायचो, तेव्हा कुठे लावू द्यायचे. मी मनात हसायचो. आणि हेही नाटक असेल का, असा विचार करायचो.

मग शेवऱ्याचा दिवस आला. देवणी जातीत ज्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असतात त्याला शेवरा म्हणतात. तसा एक बैल घेऊन जवळच्या गावातली एक विधवा बाई आली होती. बरोबर सून, सुनेच्या कडेवर मुलगी. मुलगा हैदराबादला कामाला. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांचं काम नीट करा. घर चांगलं हाय."

कॅमेरा सुरू झाला. मामा म्हणाले, "ह्याची खोड म्हंजे हा विहिरीजवळ जात न्हाई. ह्याच्या जोडीदाराला विहिरीच्या काठावर पान लागलं, साप चावला. हा बाजूलाच उभा होता. तवापासून भेतो."

संपलं. कुठे थांबले नाहीत, काही राखून ठेवलं नाही, आणि टॉवेल खांद्यावरच राहिला. इतके दिवस मी ज्या खोट्याची वाट बघत होतो ते समोर आलं होतं.

"कुठल्या पायाला चावला, मामा?"

"डाव्या."

मी कॅमेरा बंद केला आणि शेवऱ्याला बाजारातल्या हौदावर नेलं. तो शांतपणे पाणी प्यायला. तेवढ्यात हौदाची मोटर कुणीतरी चालू केली. स्टार्टर घुर्रर्र करताच बैलानं अशी उडी घेतली की माझ्या तळहाताची साल गेली. बैल पाण्याला भीत नव्हता, विहिरीलाही नव्हता, मोटरच्या आवाजाला भीत होता. त्या क्षणी मला किती आनंद झाला, ते आज सांगायला लाज वाटते.

मी परत आलो, कॅमेरा चालू केला. भोवती माणसं जमली होती.

"मामा, साप कुठल्या पायाला चावला म्हणालात?"

"उजव्या."

"मघाशी डावा म्हणालात."

लोक हसले. मी पुढे रेटलं, "बैल मोटरला भितोय. ह्याचा जोडीदार सापानं मेलेला नाही. कशानं मेला?"

बाईही गोंधळून पुढे झाल्या. "कशानं मेला वो मामा? तुम्हीच तर म्हणलाव पान लागलं."

मामांनी एकदा बाईंच्या मागे पाहिलं. मला वाटलं, पळायला वाट शोधतायत. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "माझ्यानं मेला, अक्का. त्या दिवशी जोडी बगायला आलतो. तहान लागली म्हणून मोटर मीच लावली. वायर सोललेली होती, वल्ल्यात पडली. करंट लागून मेला बैल. भेलो अन् पान लागलं म्हणलं."

बाईंनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि त्यांच्या अंगावर फेकली. "त्याच दिवशी माझ्या घरी जेवलास रे बेइमाना! जेवताना घास कसा उतरला तुझ्या गळ्याखाली?" मामांनी माती झटकलीसुद्धा नाही.

व्हिडिओ मी त्याच दिवशी टाकला. मामांनी शिकवलेलं सगळं त्यात वापरलं. 'खोड सांगणाऱ्या दलालाची खोड' असं नाव दिलं. सुरुवातीला बाईंनी फेकलेली माती दाखवली, का फेकली ते शेवटपर्यंत राखून ठेवलं. आजवर माझ्या कुठल्याच व्हिडिओची रेघ इतकी सरळ राहिली नव्हती. शेवराही आठ दिवसांत विकला गेला. इस्लापूरकडच्या एका शेतकऱ्यानं नेला. त्याच्या रानात मोटर नव्हतीच, ओढा होता. आणि बाजारात मामांच्या हातात कुणी दावं देईना. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर जनावरं घरं बदलत होती, त्याला बघून पोरं 'पान लागलं, पान लागलं' ओरडायला लागली.

बायकोनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मला म्हणाली, "तुमच्या त्या बोटभर माइकला भिणारा माणूस दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन मोटर लावेल?"

माझा संशय पुन्हा चाळवला. खोटं सांगणाऱ्याची कबुलीही खोटी असेल, तर दुसरा भाग त्याहून चालेल, असंच माझ्या मनात आलं. तुमच्यापासून काय लपवायचं? मी कॅमेरा घेऊन त्या बाईंच्या गावी गेलो.

सासू रानात गेली होती. सून अंगणात डाळ निवडत होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाली, "ते आधी बंद करा." मी बंद केला, तरी तिनं तो माझ्याकडून घेऊन भिंतीतल्या देवळीत ठेवला. मग बोलली.

"मोटर मी लावली होती. कपडे धुवायला. पोरगी घरात रडली म्हणून तशीच पळाले. वायर खालीच राहिली. मामा जोडी बगायला आलते, त्यांनी बगितलं. मला बटन बंद करायला लावलं, काठीनं वायर सारली. तरी दहादा विचारलं, करंट न्हाई ना आता? बैलाच्या पायावरचा भाजल्याचा डाग चिखलानं झाकला अन् म्हणले, पोरी, तू काही बगितलं न्हाईस."

"पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"माझ्या लग्नाच्या वर्षी सासरे गेले. तवापासून मी ह्या घरात पांढऱ्या पायाची. बैल बी माझ्यानं गेला म्हणल्यावर पोरीसकट बाहेर काढलं असतं. अन् माहेरी माझं कोण हाय?" तिनं सुपातली डाळ उगाचच हलवली. "तुम्ही बाजारात विचारून राहिलाव तवा मी तोंड उघडणार होते. मामांनी माझ्याकडं बगितलं."

तिथून मी तडक मामांच्या गावी गेलो. ते दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मला रडू फुटलं. मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, "मामा, तो व्हिडिओ मी आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

"काढू नका."

"का?"

"काढला की लोक म्हणतील, का काढला? मग खोदत बसतील. तुमच्यासारखे लई हायत जगात." रागावलेही नव्हते. मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "माझं किती राहिलंय? त्या पोरीचं अजून लई हाय."

म्हणून तो व्हिडिओ अजून तिथंच आहे. त्याखाली अजूनही लोक मामांना शिव्या घालतात. मी एकेक वाचतो. उत्तर देता येत नाही.

मामा पुन्हा बाजारात आले नाहीत. या थंडीत ते गेले, हे मला चहावाल्याकडून कळलं. त्याच आठवड्यात त्या बाई दुभती गाय बघायला बाजारात आल्या होत्या. मागे सून, तिचं बोट धरून मुलगी. मला पाहून बाई थांबल्या.

"गेला म्हणं तुमचा तो लबाड?"

भोवती चार माणसं उभी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाव मावशी," मी म्हणालो. "लई लबाड माणूस होता."

बाई गाईचे दात बघायला पुढे गेल्या. सून मुलीच्या चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली, ती बराच वेळ उठली नाही.