एकोणिसाव्या जुजातली एक ओळ

नूरुद्दीन हर्णैचा. बंदरावरच्या गावात जन्मून याला वेड पुस्तकं शिवायचं. मुंबईत एका उस्तादाकडे तो बाइंडिंग शिकला आणि त्रेपन्न साली बोटीनं कुवेतला आला. अहमदीच्या वाटेवर एका लेबनानी मालकाचा छोटा छापखाना होता, तिथं तो बाइंडर. मी, मजीद, तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. आम्ही कोकणातले तीसेक जण एकाच मेसमध्ये जेवायचो. नूरुद्दीनचं आणि माझं रोज वाजायचं, कारण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तो कुणाचं ऐकतच नसे.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात कटिंग मशीनचं पातं त्याच्या उजव्या हातावर आलं. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. घाई आपलीच झाली, हे त्यानं कधी नाकारलं नाही. टाके निघाले तेव्हा मालक उन्हाळ्यासाठी गावी निघाला होता. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "सप्टेंबरमें आऊंगा. मेरे सामने एक किताब सीके दिखाओ. नहीं तो इकामा खलास." इकामा म्हणजे राहायचा परवाना. तो गेला की माणसानं परतीच्या बोटीत बसायचं. हर्णैला बायको फखरुन्निसा आणि तीन मुली याच्या एकट्याच्या जिवावर होत्या.

अपघाताच्या दिवशी कंपनीच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबच्या लायब्ररीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याच्या टेबलावर उसवून पडलं होतं. एका नामवंत फ्रेंच कादंबरीकाराचं चरित्र. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला 'फ्रेंचवाला' म्हणू लागलो. आत त्याचा एक फोटो होता: उजवा हात झोळीत आणि डाव्या हातात लेखणी. खालचा मजकूर मी वाचून दाखवला. घोडागाडी उलटून उजवा हात कायमचा लुळा पडला, पुढच्या अकरा कादंबऱ्या त्यानं डाव्या हातानं लिहिल्या.

नूरुद्दीन फोटो खाली ठेवीना. "मजीद, त्यान ह्या कसा केलान?"

"चारशे पाना हायत. मना ड्युटी नाय काय?"

"मग वाटून वाचू."

आमच्या गावी कुणी वारलं की कुरआनाचे तीस पारे तीस जणांत वाटतात आणि एका बैठकीत पठण पुरं होतं. ते याला आठवलं. पुस्तक उसवलेलंच होतं. सोळा-सोळा पानांच्या घडीला बाइंडर जुज म्हणतात. तसे पंचवीस जुज त्यानं इंग्रजी वाचणाऱ्यांत वाटले. एका म्हाताऱ्यानं कुरकुर केली की ती रीत या असल्या किश्श्यांना कशाला. "बरोबरी नाय करत, चाचा," नूरुद्दीन म्हणाला, "वाचनारी मानसा तेवडी मागतंय."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक बसली. टाइपिस्ट अशरफला लवकर जायचं होतं आणि त्याच्याकडे शेवटचा जुज, त्यामुळे फ्रेंचवाला आधी मेला आणि मग जन्मला. त्याची तीन लग्नं झाली, प्रकाशकांशी भांडणं झाली. दीपगृहाच्या रखवालदारावरची त्याची कादंबरी ऐकताना हर्णैवाले सगळे पुढं सरकून बसले, हर्णैलाही दीपगृह आहे. माझ्या जुजात होते त्याचे आजोबा आणि त्यांच्या द्राक्षमळ्याची कोर्टकचेरी. मी जीव ओतून तयारी केली होती आणि कुणी ऐकेना, याचा मला आजही राग आहे.

हाताची गोष्ट निघाली ती टेलिफोन ऑपरेटर उस्मानच्या एकोणिसाव्या जुजात. उस्माननं अर्थ सांगितला, "वर्षभरात तो डाव्या हाताने लिहायला शिकला."

"फुडं?"

"फुडं नाटकाचा पयला खेळ."

नूरुद्दीननं ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग भडकला. "काय खाल्लान, कोनाशी भांडलान, समदा लिवलाय, नि मना हवा ता एका ओळीत?" बिचारा उस्मान आपणच ते पुस्तक लिहिल्यासारखा खाली मान घालून बसला.

नूरुद्दीननं सगळे जुज गोळा केले, क्रमानं लावले, दोरीनं बांधून ठेवले. "त्याला वरीस लागला," तो म्हणाला. "माज्याकडं तीन म्हयने हायत."

दुसऱ्या दिवसापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या करून तो डाव्या हातानं शिवायला बसला. पहिला आठवडा नुसतं रक्त. जेवताना मात्र उजव्याच हाताची उरलेली तीन बोटं. भात सांडायचा, पण यानं डावा हात ताटाला लावला नाही. मी म्हटलं, गावी जा, दुकान टाक. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. जुलैत एकदा त्यानं शिवायची लाकडी चौकट भिंतीवर फेकली. आता हा संपला, असं वाटून मला रडू आलं. सकाळी जाऊन बघतो तर हा चौकटीला खिळे ठोकत बसलेला.

सप्टेंबरात मालक आला. नूरुद्दीननं त्याच्यासमोर फ्रेंचवाल्याचंच पुस्तक घेतलं आणि पंचवीसच्या पंचवीस जुज शिवले. मालकानं शिवण धरून पुस्तक उलटं झटकलं. एक पान हललं नाही. "जेन," म्हणजे छान, एवढंच बोलून तो चहाला गेला. नूरुद्दीन पुढं सात वर्षं तिथंच राहिला, तिन्ही मुलींची लग्नं केली आणि पासष्टला हर्णैला परतला.

सहासष्टमध्ये मी क्लबातून ते पुस्तक मुद्दाम आणलं. फ्रेंचवाल्याचे आजोबा पुन्हा वाचायचे होते, हट्टानं. मागच्या पुठ्ठ्याचा आतला कागद दमट हवेनं सुटला होता. त्याखाली एक घडी होती. मराठी, अक्षरं वाकडी, डाव्या हाताची.

"दिवस पहिला. सुई धरवत नाही. दिवस चौथा. सुईच्या मागं बाटलीचं बूच बसवावं, पकड येते. दिवस तेविसावा. दोरा दातानं ओढू नये, गुडघ्याखाली दाबावा. दिवस एकेचाळिसावा. चौकट फेकली. फेकू नये, दुरुस्तीत सकाळ जाते." असे नव्वद दिवस. शेवटी लिहिलं होतं, "ज्याचा हात जाईल त्याला एक ओळ पुरत नाही, म्हणून सगळं लिहिलं."

साहेबांच्या लायब्ररीत, इंग्रजी पुस्तकात, पुठ्ठ्याच्या आत, मराठीत! कुणाला सापडणार होतं ते, गाढवा? मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि डोळे पुसले. माझे दोन्ही हात धड होते, तो कागद माझ्यासाठी नव्हता. मी खळ शिजवली आणि तो कागद होता तिथंच परत चिकटवला.