खिडक्यांच्या गोधड्या

संशय घेण्यात आमच्या लोणखेड्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजीवाली हसून बोलली की मी आधी तराजूच्या दांडीकडे बघे. त्यामुळे नंदुरबारहून विहीणबाईंचा, म्हणजे वहिनीच्या आईचा, निरोप आला तेव्हा मला लगेच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. बाळ दोन महिन्यांचं झालं, आता बाळ-बाळंतिणीला सासरी न्या, असा तो निरोप. त्यासाठी मोटारीच्या सगळ्या खिडक्यांना जाड गोधड्या शिवायच्या होत्या. वारा, ऊन, लोकांची नजर, काही म्हणता काही आत येता कामा नये. आणि वर एक गोधडी जास्तीची हवी.

जास्तीची कशाला? बाई ती घरी ठेवून घेणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. भावाने एक जुनी सर्व्हिस मोटार घेतली होती आणि तिच्यातून तो मिरच्यांची पोती वाहत असे. आत नुसतं बसलं तरी शिंका सुटायच्या. राखेने आणि कढत पाण्याने घासून मी ती आधी बाळाजोगी केली. खिडक्यांना काचा नव्हत्या, गुंडाळायचे ताडपत्रीचे पडदे होते. माघातला पहाटेचा गारठा आणि दुपारचा चटका असल्या पडद्यांना जुमानत नाही.

मग मी गोधड्या शिवल्या. बाहेरच्या अंगाला पांढरं धोतर, म्हणजे ऊन कमी धरेल. आतल्या अंगाला गडद लुगड्याचे तुकडे, म्हणजे आत कोण बसलंय ते बाहेरून दिसणार नाही. मध्ये घरचा कापूस आणि जुन्या घोंगडीचा थर. बांधायचे बंद मात्र सगळे आतून लावले. वाटेत कोण कोपरा उचलून डोकावेल, काय नेम?

एवढी हौस मला का होती तेही सांगते. मला मूल झालं नाही. त्या कारणाने सासरी दुसरी आणली आणि मी भावाकडे परतले. वहिनीचं पहिलं बाळ माझ्याच मांडीवर असायचं. ते तापाने गेलं. आता हा दुसरा आला होता, आणि त्याला मांडीवर घ्यायला मी अगदी आसुसले होते.

नंदुरबारला विहीणबाईंच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा नुकतं फटफटत होतं. वहिनी डोक्यापासून पायापर्यंत शालीत, आणि बाळ तिच्या पदराखाली. मी पुढे झाले तशा विहीणबाई मध्ये आल्या. "थंडी शे, अक्का. तुम्ही पुढे बसा." मी भावाशेजारी पुढच्या बाकावर बसले. मागे त्या दोघी चढल्या. गोधड्यांचे बंद आवळल्याचा आवाज आला, आणि शेवटी ती जास्तीची गोधडी निघाली. पुढच्या बाकाच्या आणि मागच्या जागेच्या मध्ये जी मोकळी चौकट होती, तिच्यावर विहीणबाईंनी ती बांधली.

"पुढून वारा येस," त्या म्हणाल्या.

पुढून वारा कुठला येणार? पुढे काच होती. काचेच्या अलीकडे भाऊ होता आणि मी होते. भावाची नजर लागण्यातली नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मी रात्ररात्र बसून गोधडी शिवली ती माझ्याचविरुद्ध. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मला कळत होतं. पण ते ताक मी होते, आणि मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

तापीच्या उताराला चाक वाळूत रुतलं. भाऊ बैल आणायला गावात गेला तो लवकर येईना. ऊन चढलं. सकाळी ऊब धरणाऱ्या त्या गोधड्या आता भट्टी राखत असणार. मागे बाळ रडत होतं. रडत होतं, आणि एकदम थांबलं.

"विहीणबाई, काय व्हयनं?"

"जपी गया." झोपला म्हणे.

मला पटेना. रडता रडता मूल झोपतं तेव्हा आधी कुरकुरतं, हुंदके देतं. हे तर मध्येच तुटल्यासारखं थांबलं होतं. "जराशी खिडकी उघाडा," मी म्हटलं.

"वारा लागी पोऱ्याले. पोऱ्यानं तुमले काय समजस?"

पोराचं मला काय कळणार, हे मला लागलं. तरी मी वहिनीला हाक मारली. ती "हां" म्हणाली, पण पेंगुळल्यासारखी. मी चौकटीपाशी गुडघे टेकून बसले. गोधडी ओढली आणि बाळ बरं असलं, तर पुढे त्याला साधी शिंक आली तरी ती माझ्या नावावर जाणार होती. भावाच्या घरातली जागाही कदाचित जाणार होती. नाही ओढली तर? दोष कसाही येणारच, मग निदान डोळे भरून बघून तरी घेते, असं म्हणून मी दोन्ही हातांनी हिसका दिला. बंद आतून होते, तेव्हा धोतरच टराटरा फाटलं आणि गोधडी खाली आली. माझी शिवण मात्र उसवली नाही.

मी सरळ बाळाकडे पाहिलं. टोपडं, दुपटं, वर शाल. तोंड लालबुंद, मान ढिली. "मोकळं कर त्याला!" मी वहिनीवर ओरडले आणि चौकटीतून हात घालून स्वतःच शाल ओढली. विहीणबाई "पाहू नका, पाहू नका" म्हणत राहिल्या. मी तशीच आत घुसून नदीकडच्या खिडकीचे बंद सोडले. गार झुळूक आली. बाळाने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. मग असा काही टाहो फोडला की वाळूतले बगळे उडाले.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि त्याला पुढे केलं.

"धरा, अक्का. मन्हा हात कापी ऱ्हायनात."

तिचे हात खरंच कापत होते. म्हणून दिलं, की मला द्यायचं म्हणून दिलं, हे मी तिला कधी विचारलं नाही; माझ्यासारखीने विचारायला हवं होतं. मी पदराने त्याचा घाम टिपला आणि त्याला मांडीवर घेतलं. बैल आले, चाक निघालं, मोटार लोणखेड्याला पोचली. तोवर तिने त्याला परत मागितलं नाही.